आठ चॅनेलचं रेकॉर्डिंग: चटचट, तुटणारा आवाज आणि उशिरा येणारा आवाज कसा शोधायचा

इथे गृहीत धरलेली मांडणी अशी: विंडोज १० किंवा ११ चा लॅपटॉप, आठ इनपुटचा यूएसबी ऑडिओ इंटरफेस (माइकचा आवाज आकड्यांत बदलून कॉम्प्युटरला देणारं यंत्र), सॅम्पल रेट ४८ किलोहर्ट्झ, म्हणजे आवाजाचे सेकंदाला ४८००० नमुने किंवा सॅम्पल, आणि २४ बिट. तबल्याला दोन माइक, पेटीला दोन, गायकाला एक, तानपुऱ्याला एक आणि खोलीचा आवाज घ्यायला दोन. घरच्या स्टुडिओत बैठकीचं गाणं रेकॉर्ड करायचं तर साधारण हेच लागतं, आणि बिघाडही तेच ते पुन्हा पुन्हा होतात. मॅक आणि लिनक्ससाठी वेगळं काय ते शेवटाकडे दिलं आहे.

आधी लक्षण नीट ओळखा

"आवाज खराब येतोय" या एका वाक्यात पाच वेगळे बिघाड लपलेले असतात आणि प्रत्येकाचा उपाय वेगळा आहे.

- गायकाला हेडफोनमध्ये स्वतःचा आवाज मागाहून येतो किंवा पोकळ, डब्यातून आल्यासारखा येतो, पण रेकॉर्ड झालेला ट्रॅक स्वच्छ असतो. ही लेटन्सी, म्हणजे आवाजाला होणारा उशीर.
- अधूनमधून, कसलाही ठेका नसलेली चटचट येते, कधी आवाज क्षणभर तुटतो. हा ड्रॉपआउट.
- अगदी नेमाने, ठरावीक अंतराने 'टिक' येतो. हा क्लॉकचा, म्हणजे यंत्रांच्या आतल्या घड्याळाचा घोटाळा. बफर (एका वेळी उचलायचा सॅम्पलचा गठ्ठा) कितीही वाढवला तरी तो जात नाही.
- सतत घुमणारा हम्म किंवा बारीक किरकिर येते, माउस हलवला की बदलते. हा वीज आणि अर्थिंगचा प्रश्न आहे.
- आठपैकी दोनच चॅनेल दिसतात. चुकीचा ड्रायव्हर (कॉम्प्युटरला यंत्राशी बोलायला लावणारं सॉफ्टवेअर) निवडला आहे किंवा सॉफ्टवेअरमध्ये इनपुट चालूच केलेले नाहीत.

शंका असेल तर वेव्हफॉर्म मोठा करून बघा. ड्रॉपआउटच्या जागी वळणदार रेषा एकदम कड्यासारखी तुटलेली दिसते, किंवा मधेच सपाट शून्य दिसतं आणि पुन्हा रेषा सुरू होते. ते सपाट अंतर मोजलं तर पुष्कळदा बरोब्बर बफरएवढं, म्हणजे १२८ किंवा २५६ सॅम्पल भरतं. याउलट रेषेचे माथे कापल्यासारखे सपाट असतील तर तो गेन, म्हणजे इनपुटवर आवाज मोठा करण्याचं प्रमाण, जास्त झाल्याचा प्रकार आहे. तिथे कॉम्प्युटरमध्ये काहीही शोधू नका. तबल्याचा जोरकस 'ना' उणे १२ डेसिबलच्या आसपास राहील इतका गेन खाली आणा.

भार कमीच असतो, वेळ गाठायची असते

एवढं समजलं की पुढच्या सगळ्या तपासण्यांचा क्रम आपोआप पटतो. आठ चॅनेलची माहिती सेकंदाला साधारण ९.२ मेगाबिट होते आणि यूएसबी २.० ची कागदावरची क्षमता ४८० मेगाबिट आहे. डिस्कवर सेकंदाला जेमतेम १.१५ मेगाबाइट लिहायचे असतात, तासाला ४.१५ गिगाबाइट. जुना लॅपटॉपही हे सहज पेलतो.

पण बफर १२८ सॅम्पलचा असेल, तर दर २.६७ मिलिसेकंदांनी मागचे १२८ उचलून पुढचे १२८ तयार ठेवावे लागतात. सेकंदाला ३७५ वेळा. त्यातल्या ३७४ वेळा जमलं आणि एकदा वाय-फायच्या ड्रायव्हरने प्रोसेसर ३ मिलिसेकंद अडवून धरला, की 'टक्' ऐकू येतं. म्हणूनच टास्क मॅनेजरमध्ये सीपीयू १५ टक्के दिसत असतानाही आवाज तुटतो, आणि महागडा नवा लॅपटॉप आणूनही तो तसाच तुटू शकतो. खर्च करण्याआधी खालच्या तपासण्या करा. बहुतेक तपासण्यांना पैसे लागत नाहीत.

चाचणी कशावर घ्यायची

तबल्यावर चाचणी घेऊ नका. किनारीवरच्या बोलात एखादी चटचट बेमालूम मिसळून जाते आणि सगळं ठीक असल्यासारखं वाटतं. इलेक्ट्रॉनिक तानपुरा लावा, त्याचा सूर एका माइकवर किंवा थेट लाइन इनपुटला द्या, आठही ट्रॅक रेकॉर्डिंगला सज्ज करा आणि दहा मिनिटं रेकॉर्ड करा. अखंड सुरात एक सॅम्पल चुकला तरी कानाला खडा लागतो. प्रत्येक बदलानंतर हीच दहा मिनिटं पुन्हा. एका वेळी एकच गोष्ट बदला आणि लिहून ठेवा, नाहीतर कशाने बरं झालं ते कळत नाही आणि पुढच्या महिन्यात तेच दुखणं पुन्हा शून्यापासून शोधावं लागतं.

१. ड्रायव्हर आणि इनपुट

रीपर या रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये ऑप्शन्स, प्रेफरन्सेस, ऑडिओ, डिव्हाइस इथे जा. ऑडिओ सिस्टिम 'असिओ' हवी आणि त्याखाली तुमच्या इंटरफेसच्या कंपनीचाच ड्रायव्हर हवा. असिओ ही पद्धत स्टाइनबर्गने १९९७ मध्ये आणली. विंडोजचा स्वतःचा मिक्सर बाजूला ठेवून सॉफ्टवेअर थेट इंटरफेसशी बोलतं, म्हणून उशीर कमी होतो आणि सगळे चॅनेल दिसतात. 'असिओ फॉर ऑल' हा विंडोजच्याच ड्रायव्हरवर चढवलेला मुखवटा आहे. लॅपटॉपच्या आतल्या साउंड कार्डसाठी तो उपयोगी पडतो. कंपनीचा ड्रायव्हर असताना तो वापरू नका. त्याच पानावर 'एनेबल इनपुट्स'वर खूण करून पहिला १ आणि शेवटचा ८ निवडा. दोनच चॅनेल दिसण्याची तक्रार बहुतेक वेळा इथेच संपते.

आठही ट्रॅक रेकॉर्ड होतात पण सगळे मुके असतील, तर विंडोजच्या सेटिंग्जमध्ये प्रायव्हसी, मायक्रोफोन उघडा आणि डेस्कटॉप ॲपना परवानगी आहे का बघा.

२. सॅम्पल रेट सगळीकडे एकच

इंटरफेसचं कंट्रोल पॅनेल, रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर आणि विंडोजच्या साउंड सेटिंगमधला 'डिफॉल्ट फॉरमॅट', तिन्ही ठिकाणी ४८००० ठेवा. मागे ब्राउझरचा एखादा टॅब ४४१०० वर उघडा राहिला, तर काही ड्रायव्हर त्याच्या ओढीने आपला दर बदलतात. मग सूर वरखाली होतो किंवा खरखर येते. त्याहून चांगलं म्हणजे विंडोजचं डिफॉल्ट डिव्हाइस लॅपटॉपचा आतला स्पीकरच ठेवा. सूचनांचे 'टिंग' इंटरफेसकडे फिरकतच नाहीत.

३. बफर: किती आणि का

४८ किलोहर्ट्झला एका बफरचा वेळ असा: ६४ सॅम्पल म्हणजे १.३३ मिलिसेकंद, १२८ म्हणजे २.६७, २५६ म्हणजे ५.३३, ५१२ म्हणजे १०.६७, १०२४ म्हणजे २१.३३. आवाज आत येताना एक आणि बाहेर जाताना एक, असे दोन बफर धरा. वर कन्व्हर्टर (आवाजाचे आकडे आणि आकड्यांचा आवाज करणारा भाग) आणि यूएसबी ड्रायव्हरचा थोडा राखीव वेळ. म्हणून १२८ ला माइकपासून हेडफोनपर्यंतचा एकूण उशीर पुष्कळ इंटरफेसवर ७ ते १० मिलिसेकंदांच्या घरात जातो.

१० मिलिसेकंद म्हणजे किती? हवेतून आवाज तेवढ्या वेळात साधारण साडेतीन मीटर जातो. तबलजीला हे फारसं खटकत नाही, कारण समोरासमोर बसल्यावरही काही फुटांचं अंतर असतंच. गायकाची गोष्ट वेगळी. त्याला स्वतःचा आवाज कवटीच्या हाडांतून ताबडतोब ऐकू येतो आणि तोच आवाज हेडफोनमधून काही मिलिसेकंद मागाहून येतो. दोन्ही मिसळले की काही कंप्रता एकमेकींना मारतात आणि आवाज पोकळ होतो. 'हेडफोन बरोबर नाही' अशी गायकाची तक्रार आली, तर हेडफोन बदलण्याआधी हे तपासा.

खरा उपाय बफर कमी करणं हा नाहीच. डायरेक्ट मॉनिटरिंग वापरा. इंटरफेसवरच्या बटणाने, किंवा त्याच्या मिक्सर सॉफ्टवेअरमधून, माइकचा आवाज कॉम्प्युटरकडे न जाता थेट हेडफोनला जातो आणि उशीर नगण्य होतो. त्याच वेळी रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरमधलं मॉनिटरिंग बंद करायला विसरू नका, नाहीतर एकच आवाज दोनदा येईल. असं केलं की बफर निर्धास्तपणे ५१२ किंवा १०२४ ठेवता येतो आणि निम्म्याहून जास्त चटचट तिथेच संपते. बैठकीच्या रेकॉर्डिंगला याहून चांगली पद्धत नाही. कमी बफरची गरज फक्त तेव्हा, जेव्हा वाजवणाऱ्याला सॉफ्टवेअरमधूनच येणारा आवाज ऐकायचा असतो, जसं की कीबोर्डवर वाजवलेलं सॅम्पलचं वाद्य.

एक सापळाही सांगून ठेवतो. '९६ किलोहर्ट्झ करा, लेटन्सी निम्मी होते' हे गणित बरोबर आहे, पण वेळ गाठण्याची मुदतही निम्मी होते आणि काम दुप्पट. आधीच तुटणारा आवाज त्याने आणखी तुटतो.

४. केबल, पोर्ट, हब

ऑडिओची यूएसबी माहिती ज्या पद्धतीने जाते, तिच्यात चुकलेला तुकडा पुन्हा मागण्याची सोय नाही. पेन ड्राइव्हची फाइल सैल केबलवर हळू जाते, पण पूर्ण जाते. ऑडिओचा तुकडा हरवला की हरवला. म्हणून 'याच केबलने फाइल तर नीट कॉपी होते' हा पुरावा इथे चालत नाही.

इंटरफेस थेट लॅपटॉपच्या पोर्टला लावा. हब नको, डॉक नको, पुढच्या बाजूचं एक्स्टेन्शन नको. केबल एक ते दोन मीटरची ठेवा. यूएसबी २.० ची मर्यादा ५ मीटर आहे, पण मर्यादेवर जगू नका. दुसरं पोर्ट करून बघा, शक्यतो लॅपटॉपच्या दुसऱ्या बाजूचं, कारण एका बाजूची पोर्ट बऱ्याचदा आतून एकाच हबवर असतात आणि तिथेच वेबकॅम किंवा ब्लूटूथ बसलेलं असतं.

इंटरफेस फक्त यूएसबीवर चालत असेल तर विजेचा हिशेब करा. यूएसबी २.० पोर्ट ५०० मिलिअँपिअर देतं, ३.० पोर्ट ९००. चार कंडेन्सर माइकना ४८ व्होल्ट फँटम (माइकला इंटरफेसमधून मिळणारी वीज) चालू केल्यावरच बिघाड सुरू होत असेल, तर वीज कमी पडते आहे. ॲडॉप्टर जोडायची सोय असेल तर जोडा.

५. वीज वाचवण्याच्या सवयी बंद करा

चार्जर लावलेला हवा. पॉवर ऑप्शन्समध्ये 'हाय परफॉर्मन्स' निवडा. नव्या लॅपटॉपवर फक्त 'बॅलन्स्ड' दिसत असेल तर सेटिंग्जमधला पॉवर मोड 'बेस्ट परफॉर्मन्स' करा. 'यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड' बंद. डिव्हाइस मॅनेजरमध्ये प्रत्येक 'यूएसबी रूट हब'च्या पॉवर मॅनेजमेंट पानावर, वीज वाचवण्यासाठी हे उपकरण बंद करण्याची परवानगी देणारी खूण काढा. झोपलेला प्रोसेसर किंवा पोर्ट जागं व्हायला घेतो तो क्षणच आपल्याला महाग पडतो.

रेकॉर्डिंगच्या वेळी वाय-फाय आणि ब्लूटूथ बंद. क्लाउडवर फाइल चढवणारं सॉफ्टवेअर थांबवा. अँटिव्हायरसला रेकॉर्डिंगचं फोल्डर वगळायला सांगा. लॅपटॉप गादीवर किंवा सतरंजीवर ठेवू नका. खालची जाळी बंद झाली की तो तापतो, वेग स्वतःहून उतरवतो, आणि मग वीस मिनिटं सुरळीत चाललेलं रेकॉर्डिंग बंदिश रंगात आल्यावर तुटायला लागतं. ठरावीक वेळाने सुरू होणारी चटचट दिसली तर सर्वांत आधी लॅपटॉपला हात लावून बघा.

६. प्लगिन

सगळे प्लगिन (सॉफ्टवेअरमध्ये आवाजावर लावलेले इफेक्ट) बायपास करून तीच दहा मिनिटांची चाचणी घ्या. लिनिअर फेज इक्वलायझर आणि पुढचं ऐकून काम करणारे लिमिटर स्वतःच हजारो सॅम्पलचा उशीर लावतात. बफर ६४ ठेवूनही उशीर जाणवतो तो बहुधा मास्टर ट्रॅकवरच्या अशा एखाद्या प्लगिनमुळे. रेकॉर्डिंगच्या वेळी ते काढा आणि मिक्सिंगला परत लावा.

७. कोण अडवतंय ते शोधा

इथपर्यंत येऊनही चटचट राहिली तर 'लेटन्सीमॉन' हे सॉफ्टवेअर चालवा. फुकट मिळतं. इंटरफेस जोडलेला ठेवून निदान दहा मिनिटं चालू द्या, मग 'ड्रायव्हर्स' पान उघडून सर्वाधिक वेळ घेतलेल्या स्तंभावर टिचकी मारा. वरच्या दोन-तीन ओळी पुरेशा आहेत. तिथला आकडा तुमच्या बफरच्या वेळेशी ताडून बघा. १२८ चा बफर २.६७ मिलिसेकंदांचा, आणि वरचा ड्रायव्हर ४ मिलिसेकंद घेत असेल, तर बाकी काहीही केलंत तरी १२८ वर हा लॅपटॉप चालणार नाही.

नावं वाचायला शिका. 'एनडीआयएस' म्हणजे नेटवर्क: वाय-फाय बंद करून पुन्हा चाचणी. 'एनव्ही'ने सुरू होणारं लांब नाव म्हणजे एनव्हिडियाचं ग्राफिक्स: ड्रायव्हर नवा घाला आणि त्याच्या कंट्रोल पॅनेलमध्ये पॉवर मॅनेजमेंट 'प्रिफर मॅक्झिमम परफॉर्मन्स' करा. 'स्टोरपोर्ट' म्हणजे डिस्क. 'एसीपीआय' म्हणजे बॅटरी, पंखा, पॉवर: डिव्हाइस मॅनेजरमध्ये बॅटरीखालची 'एसीपीआय कम्प्लायंट कंट्रोल मेथड बॅटरी' ही नोंद रेकॉर्डिंगपुरती डिसेबल करून बघा. तेवढा वेळ टक्केवारी दिसणार नाही, म्हणून चार्जर लावलेला असू द्या आणि नंतर नोंद पुन्हा चालू करा.

८. नेमाने येणारा टिक: क्लॉक

इंटरफेसला ऑप्टिकल केबलने आणखी आठ प्रीॲम्प (माइकचा आवाज वाढवणारी यंत्रणा) जोडले की हा बिघाड हमखास येतो. दोन्ही यंत्रांत आपापलं क्वार्ट्झचं घड्याळ असतं आणि दोन घड्याळं कधीच तंतोतंत चालत नाहीत. दहा लाखांत २० इतका फरक धरला, तर ४८००० सॅम्पलमागे जवळपास एक सॅम्पल चुकतो. म्हणजे सेकंदाला एक टिक, घड्याळासारखा.

उपाय: घड्याळाचा मालक एकच, बाकीच्यांनी त्याच्या तालावर चालायचं. प्रीॲम्पकडून इंटरफेसकडे एकच ऑप्टिकल केबल येत असेल, तर प्रीॲम्प 'इंटर्नल' (स्वतःचं घड्याळ) आणि इंटरफेसचं क्लॉक 'एडॅट' किंवा 'ऑप्टिकल' (केबलमधून येणारं घड्याळ). दोन्ही दिशांना केबल असतील तर उलटंही चालतं: इंटरफेस 'इंटर्नल', प्रीॲम्प 'एडॅट'. दोन्ही इंटर्नल कधीही नाही. एका ऑप्टिकल केबलमधून ४८ किलोहर्ट्झला आठ चॅनेल जातात, ९६ ला चारच. चार चॅनेल अचानक गायब झाले तर आधी सॅम्पल रेट बघा.

दोन वेगळे यूएसबी इंटरफेस एकत्र जोडून १६ चॅनेल करण्याचा बेत असेल तर सोडून द्या. असिओ एका वेळी एकच ड्रायव्हर चालवतं, आणि जुगाड करून जोडले तरी घड्याळांचा हा तिढा सुटत नाही.

९. हम्म आणि किरकिर

चार्जर काढून बॅटरीवर चालवा. किरकिर थांबली तर ती चार्जरच्या वाटेने येते आहे. लॅपटॉप, इंटरफेस, स्पीकर, सगळं एकाच एक्स्टेन्शन बोर्डवर घ्या, टीव्ही किंवा प्रोजेक्टरची केबल काढा, आणि स्पीकरला बॅलन्स्ड केबल (वाटेत शिरलेला हम्म रद्द करणारी) वापरा. कीबोर्ड किंवा इलेक्ट्रॉनिक तानपुऱ्याच्या वाटेने हम्म येत असेल तर ग्राउंड लिफ्ट (केबलमधली ग्राउंडची जोडणी तोडणारं बटण) असलेला डीआय बॉक्स, म्हणजे वाद्याचा लाइन आवाज माइक इनपुटला जुळवणारा डबा, मधे घाला.

प्लगची तिसरी पिन मोडून हम्म घालवणारे भेटतात. ते करू नका. त्या पिनवर माइक हातात धरलेल्या माणसाचा जीव अवलंबून असतो. जुन्या इमारतींत तिसऱ्या पिनेमागे अर्थिंगची तार असेलच असं नाही. लॅपटॉपच्या धातूच्या अंगाला किंवा माइकच्या जाळीला ओठ लागल्यावर झिणझिण्या येत असतील, तर रेकॉर्डिंग तिथेच थांबवा आणि इलेक्ट्रिशियनला बोलावून अर्थिंग मोजून घ्या.

१०. शेवटी शेवटी: ड्रायव्हर, बायोस

कंपनीचा ड्रायव्हर काढून, कॉम्प्युटर बंद-चालू करून नवा घाला. इंटरफेसचं फर्मवेअर (यंत्राच्या आतलं सॉफ्टवेअर) बघा. मदरबोर्डच्या बायोसमध्येही, म्हणजे कॉम्प्युटर सुरू करणाऱ्या मूळ सॉफ्टवेअरमध्येही, दोष असू शकतो: २०२१ मध्ये एएमडीने आपल्या ५०० मालिकेच्या चिपसेटवर यूएसबी अधूनमधून तुटतं हे मान्य केलं होतं आणि त्यावरची दुरुस्ती बायोस अपडेटमधून दिली. अपडेट चालू असताना वीज गेली तर मदरबोर्ड निकामी होऊ शकतो, म्हणून यूपीएस किंवा भरलेली बॅटरी नसेल तर हात लावू नका. सी-स्टेटसारख्या (प्रोसेसरची झोप ठरवणाऱ्या) बायोस सेटिंगशी खेळण्याचा अनुभव नसेल तर तेही जाणकाराकडून करून घ्या.

ट्रॅक एकमेकांशी जुळत नसतील तर

आधीच्या ट्रॅकवर वाजवलेला तबला थोडा मागे पडलेला दिसतो, पण वाजवताना बरोबर होता? आउटपुट ३ मधून इनपुट ३ मध्ये एक केबल घाला. त्या ट्रॅकचं मॉनिटरिंग बंद ठेवा, नाहीतर शिट्टी वाजेल. एक टिक वाजवून रेकॉर्ड करा आणि दोन्ही टिकांतलं अंतर सॅम्पलमध्ये मोजा. रीपरमध्ये ऑडिओखालच्या 'रेकॉर्डिंग' पानावर तो आकडा मॅन्युअल ऑफसेटमध्ये भरा. फरक दुप्पट झाला तर चिन्ह बदला.

मॅक आणि लिनक्स

मॅकवर असिओ नाही, कोअर ऑडिओच सगळं बघतं. सॅम्पल रेट 'ऑडिओ मिडी सेटअप'मध्ये ठरवा. दोन इंटरफेसचं ॲग्रिगेट डिव्हाइस केलं (दोन्ही जोडून एकच दाखवलं) तर जो क्लॉकचा मालक नाही त्याच्यापुढे 'ड्रिफ्ट करेक्शन'ची खूण हवी. लिनक्सवर जॅक हे ऑडिओ सॉफ्टवेअर वापरताना यूएसबी इंटरफेसला पीरियड (बफरचे तुकडे) ३ ठेवा, २ नको, आणि तुमचं खातं 'ऑडिओ' गटात आहे का ते बघा. नसेल तर रिअल-टाइम प्राधान्य मिळत नाही.

कधी थांबायचं

कलाकार येऊन बसले असतील तर दुरुस्ती करू नका. बफर १०२४, डायरेक्ट मॉनिटरिंग, वाय-फाय बंद, आणि रेकॉर्ड करा. शोध दुसऱ्या दिवशी.

इंटरफेस दुसऱ्या कॉम्प्युटरवर, दुसऱ्या केबलने लावूनही तसाच वागत असेल, एकाच चॅनेलवर खरखर असेल, ४८ व्होल्ट मिळत नसतील, जॅक हलवला की आवाज जात-येत असेल किंवा जळका वास येत असेल, तर दोष यंत्रात आहे. ते उघडू नका, वॉरंटी असेल तर तीही जाते. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला द्या. इंटरफेस दुसरीकडे नीट चालतो आणि तुमच्या लॅपटॉपवर एसीपीआयचा आकडा काही केल्या उतरत नाही, तर त्या लॅपटॉपवर आणखी वेळ घालवू नका.

तंत्रज्ञाकडे जाताना सोबत इतकं न्या: लेटन्सीमॉनच्या पानाचा स्क्रीनशॉट, तानपुऱ्याचं चटचट असलेलं एक मिनिटाचं रेकॉर्डिंग, बफर आणि सॅम्पल रेट, ड्रायव्हरची आवृत्ती, आणि काय काय बदलून पाहिलं त्याची यादी.